डुकराच्या इन्सुलिनवर जगणारी कुत्री : प्राण्याचे नैतिक स्थान कशावर ठरते?

प्रश्न

आमची कुत्री अकरा वर्षांची आहे आणि गेल्या दीड वर्षापासून तिला मधुमेह आहे. दर बारा तासांनी, तिचे खाऊन झाले की, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून मी तिला इन्सुलिन टोचते. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना होतो तसा तिलाही मोतीबिंदू झाला आणि आता तिला जवळजवळ दिसत नाही. तरीही फ्रीजचे दार उघडल्याचा आवाज झाला की ती उठते, भिंतीच्या कडेकडेने माझ्यापर्यंत येते आणि मान खाली घालून उभी राहते. या उपचाराविषयी माझ्या मनात कधी शंका आली नव्हती. ती आमची आहे, ती आजारी आहे आणि औषध मिळते आहे, एवढे मला पुरेसे होते.

मध्यंतरी औषधाच्या खोक्यातली माहितीपत्रिका पहिल्यांदाच नीट वाचली आणि हे इन्सुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असते हे कळले. पशुवैद्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की डुकराच्या आणि कुत्र्याच्या इन्सुलिनमधली अमिनो आम्लांची साखळी तंतोतंत सारखी असते, त्यामुळे कुत्र्याच्या शरीराला ते परके वाटत नाही. त्यांनी माझे समाधान व्हावे म्हणून हे सांगितले, पण माझी झोप उडाली ती याच वाक्याने. हे दोन प्राणी आतून इतके सारखे आहेत की एकाच्या शरीरातला रस दुसऱ्याच्या रक्तात बिनबोभाट चालतो. आणि तरी त्यांच्यातल्या एकीसाठी मी पहाटे गजर लावून उठते, तर दुसरा प्राणी कोठे वाढला, कसा जगला आणि कसा मेला हे विचारावे असे दीड वर्षात मला एकदाही वाटले नाही.

डुक्कर इन्सुलिनसाठी मारले जात नाही, मांसासाठी मारले जाते आणि स्वादुपिंड हा त्यातून उरणारा भाग असतो, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, फक्त जबाबदारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जाते.

माझा प्रश्न असा आहे. प्राण्याला नैतिक स्थान असते, म्हणजे त्याच्याशी आपण कसे वागतो याने त्याच्या बाजूने काही फरक पडतो आणि तो फरक आपण लक्षात घेणे लागतो, असे मानले तर ते स्थान नेमके कशावर ठरते? बुद्धीवर म्हणावे, तर तोंडाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका हव्या त्या जागी नेणे डुकरांना जमते असे प्रयोगांत दिसले आहे. आमच्या कुत्रीला ते जमले असते असे मला वाटत नाही. वेदनेवर म्हणावे, तर वेदना दोघांनाही होते. माझ्या मायेवर म्हणावे, तर ज्याच्यावर कोणाचीच माया नाही त्या प्राण्याला काहीच स्थान नाही काय? मी औषध थांबवणार नाही, तेव्हा त्याविषयी सल्ला नको; पण मी हे कशाच्या आधारावर करते आहे ते मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नात दोन प्रश्नांचा गुंता झाला आहे, तो आधी सोडवलेला बरा. एखाद्या जिवाचा नैतिक दृष्टीने विचार करावा लागतो की नाही हा एक प्रश्न, आणि त्याच्याप्रती माझे कर्तव्य किती हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्या जिवाकडे पाहून द्यावे लागते, तर दुसऱ्याचे बरेचसे उत्तर मी कोण आहे आणि मी आजवर काय केले आहे यात असते. कुत्री आणि डुक्कर यांच्यात पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत भेद करता येत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत करता येतो, पण आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ साली जे म्हटले ते अजूनही मला सर्वांत पक्के वाटते. प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येते का, हे विचारू नका. त्याला दुःख होते का, एवढे विचारा, असा त्याचा आशय होता. याचे बळ कशात आहे ते पाहावे. बुद्धी, भाषा, भविष्याचा विचार या गुणांनी काय काय करता येते हे ठरते. परंतु इजा होणे म्हणजे काय हे त्यांनी ठरत नाही. दगडावर हातोडा मारला तर दगड फुटतो, पण दगडाचे काही बिघडत नाही, कारण फुटणे किंवा न फुटणे यांतले काहीही दगडाला हवे किंवा नको असे नसते. डुकराला मात्र हवे-नको असते. ज्याला स्वतःच्या बाजूने बरे-वाईट आहे त्याचा विचार करावा लागतो, आणि हा उंबरठा एकदा ओलांडला की तेथे कुत्रा, डुक्कर आणि माणूस हे सारेच आतल्या बाजूला उभे असतात.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने दुसरा मार्ग धरला होता आणि तो आजही अनेकांच्या बोलण्यात नकळत डोकावतो. त्याच्या मते प्राण्यांप्रती आपले थेट कर्तव्य काहीच नसते; म्हातारा झालेला, कामाचा न उरलेला कुत्रा गोळी घालून मारणारा माणूस कुत्र्यावर अन्याय करत नाही, तर स्वतःमधल्या माणुसकीला धक्का लावतो, आणि अशा माणसाचे काळीज पुढे माणसांच्या बाबतीतही निबर होते. मला यात एक गाठ कधीच सुटलेली दिसत नाही. कुत्र्याशी निर्दयपणे वागल्याने माणूस निर्दय होतो, हे खरे. पण ते तेव्हाच खरे असू शकते, जेव्हा कुत्रा हा दया-निर्दयतेला पात्र असा जीव असतो. खुर्ची मोडणाऱ्या माणसाचे काळीज निबर होईल अशी काळजी कोणी करत नाही. म्हणजे ज्या थेट कर्तव्याला कांट नाही म्हणतो, त्याच्याच खांद्यावर त्याचे अप्रत्यक्ष कर्तव्य उभे आहे.

आता मायेचा मुद्दा. आपण माया हा आधार मानावा की नाही अशा संभ्रमात आहात, पण माया जे करते आणि जे करत नाही त्यांत फरक आहे. आपल्या लेकराला आधी घास भरवणारा बाप चुकत नाही. मात्र त्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातले उचलण्याचा हक्क त्याला मिळत नाही. मायेने कर्तव्य वाढते. ज्याच्यावर आपली माया नाही त्याचे स्थान तिने कमी होत नाही. आपण पहाटे उठता हे त्या कुत्रीचे देणे आहे आणि ते आपण फेडत आहात. त्या डुकराचे आपण काही लागतच नाही, असे मात्र त्यावरून निघत नाही.

शिवाय त्या डुकराशी कोणाचेच नाते नव्हते हे मला मान्य नाही. पाळीव डुक्कर हा प्राणी मुळात माणसाने घडवला; त्याला सुमारे ९,००० वर्षे झाली असतील. त्याचे वजन, त्याच्या पिलांची संख्या, त्याने कधी जन्मावे आणि कधी मरावे, हे सर्व माणसाने ठरवलेले असते. ज्याच्या आयुष्यातली एकूण एक गोष्ट आपण ठरवतो त्याच्याशी आपले नाते नाही, असे म्हणणे अवघड आहे. ते नाते आपण कधी पाहिले नाही, इतकेच म्हणता येईल.

प्रतिसाद २

माझे मत येथील बहुतेकांना रुचणार नाही, तरीही ते प्रामाणिकपणे मांडतो. नीती ही माणसांनी एकमेकांशी केलेली व्यवस्था आहे. मी तुला इजा करणार नाही, तू मला करू नकोस, हा तिचा गाभा असून ती ज्यांना समजते, पाळता येते आणि मोडल्यास जाब देता येतो त्यांच्यापुरतीच ती असते. सिंह हरणाला मारतो तेव्हा आपण त्याला दोषी धरत नाही. ज्याच्यावर कर्तव्य लादता येत नाही त्याला हक्क कशाच्या बळावर द्यायचा?

याचा अर्थ प्राण्यांचे हाल करावेत असा मुळीच नाही. मलाही ते पाहवत नाहीत. परंतु मला पाहवत नाही ही माझ्या मनाची गोष्ट झाली आणि ‘त्या प्राण्याचा माझ्यावर हक्क आहे’ ही वेगळी गोष्ट झाली. प्रश्नकर्तीने इन्सुलिन देत राहावे, कारण तो तिचा निर्णय आहे आणि त्यात कोणत्याही माणसाचे नुकसान नाही. त्यापलीकडे डुकराचा हिशेब मांडू लागलो तर तो कोठे थांबवायचा, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. शेत नांगरताना किती जीव मरतात याचा विचार करून पाहावा.

प्रतिसाद ३

मी सोळा वर्षे एका संशोधन संस्थेत प्रयोगांसाठी ठेवलेल्या प्राण्यांची देखभाल केली आहे. हे काम वाईटच आहे किंवा पवित्रच आहे, असे मी म्हणणार नाही. काय पाहिले ते सांगतो, आणि वरच्या प्रतिसादातल्या कराराच्या मुद्द्याला त्यातूनच उत्तर देतो.

तान्हे मूल करार करू शकत नाही, पाळू शकत नाही, मोडल्यास जाबही देऊ शकत नाही. आपण त्याला हक्क देतो ते ते पुढे मोठे होणार म्हणून, असे कोणी म्हणेल. पण जे मूल जन्मतः इतके आजारी आहे की ते कधीच मोठे होणार नाही, त्याला टोचताना ते रडते तेव्हा डॉक्टरांचा हात थांबतो, तो कोणत्या करारामुळे? ते रडते आहे म्हणून थांबतो. प्रतिसाद २ च्या लेखकाचाही थांबेल, याची मला खात्री आहे. कर्तव्य करण्याची पात्रता आणि दुसऱ्याच्या कर्तव्याचा विषय असण्याची पात्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सिंहाकडे पहिली नाही म्हणून दुसरीही नाही असे ठरत नाही. नांगराचा मुद्दा मात्र खरा आहे. तो मी टाळत नाही. हिशेब शून्यावर कधीच येणार नाही. पण जो हिशेब पूर्ण होत नाही तो मांडूच नये, असे आपण पैशांच्या बाबतीतही म्हणत नाही.

आता जे पाहिले ते. आमच्याकडे रॅट जातीचे मोठे पांढरे उंदीर असत. सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेनंतर सकाळी पिंजऱ्यांवरून फेरी मारताना मी वहीत ‘ठीक’ अशी नोंद करत असे, कारण ते शांत बसलेले असत. शिकार होणारा प्राणी कोणी पाहत असताना दुखणे दाखवत नाही, हे मला नंतर कळले. संशोधकांनी २०१० साली आधी लहान उंदरांच्या आणि मग २०११ साली रॅटच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी तयार केली आणि ती आमच्याकडे आली तेव्हा मला ते चेहरे दिसू लागले. दुखत असलेल्या रॅटचे डोळे बारीक होतात, नाकाचा आणि गालांचा उंचवटा सपाट होतो, कान आत वळून एकमेकांपासून दूर जातात, मिशा ताठरतात. कधी डोळ्यांच्या कडांना लालसर डाग दिसतो. ते रक्त नसते, ताण आल्यावर डोळ्यांतून पाझरणारे द्रव्य असते. निरोगी रॅट ते पंजाने पुसून टाकतो, आजारी असेल तर त्याला पुसण्याचीही इच्छा उरत नाही. माझ्या जुन्या वह्यांमधल्या ‘ठीक’ या शब्दाकडे मी त्यानंतर अनेकदा पाहिले आहे.

आपण ‘मुकी जनावरे’ म्हणतो आणि त्यात दयाही असते. पण रॅट मुके नसतात. धोक्यात किंवा त्रासात असलेला रॅट सुमारे २२ किलोहर्ट्झचा लांब आवाज काढतो. खेळताना किंवा ओळखीच्या माणसाने पोटाला गुदगुल्या केल्या तर सुमारे ५० किलोहर्ट्झचे छोटे छोटे आवाज काढतो. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. म्हणजे त्यांच्या त्रासाचा आवाज आपल्या ऐकण्याच्या हद्दीच्या अगदी पलीकडे, कुंपणाला लागून असतो. पहिल्यांदा यंत्रातून तो आवाज खाली उतरवून ऐकला त्या दिवशी मी ज्या खोलीत रोज शांततेत काम केले होते, ती खोली कधीच शांत नव्हती हे मला कळले. नैतिक स्थान कशावर ठरते याची चर्चा होते तेव्हा आपण नेहमी प्राण्यांच्या क्षमतेविषयी बोलतो. आपल्या ऐकण्या-पाहण्याच्या क्षमतेविषयी फारसे बोलत नाही. ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदना ओळखणारे मज्जातंतू असतात, हे २००३ साली दाखवले गेले. ते मज्जातंतू २००३ साली उगवले नव्हते.

आपल्या इन्सुलिनच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याचा इतिहास आपल्या कुत्रीच्या फार जवळचा आहे. स्वादुपिंड काढल्यावर मधुमेह होतो हे १८८९ साली कुत्र्यांवरच कळले. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांची स्वादुपिंडे काढून, त्यांना मधुमेही करून, स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिले. त्यांतले बरेच कुत्रे मेले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले आणि जो आजार मुलांसाठी तोवर मृत्यूची शिक्षा होता, तो तसा उरला नाही. पुढे सहा दशके माणसांनाही गुरांचे आणि डुकरांचे इन्सुलिन मिळत असे. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ साली मान्यता मिळाली. आपल्या कुत्रीच्या मानेत जाणाऱ्या प्रत्येक थेंबामागे डुक्कर आहेच, पण त्याच्याही मागे तिच्याच जातीचे कुत्रे आहेत.

आपण सल्ला नको म्हटले आहे, म्हणून एक वस्तुस्थिती फक्त सांगतो. जिवाणूंपासून बनवलेले मानवी इन्सुलिनही कुत्र्यांना दिले जाते. ते कुत्र्याच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे असते आणि बहुधा चालते. मात्र एका औषधावर स्थिरावलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचे औषध बदलणे म्हणजे साखर पुन्हा वरखाली होण्याचा धोका पत्करणे, आणि तो धोका आपण नव्हे, ती पत्करते. शिवाय ते दुसरे औषधही प्राण्यांवर तपासूनच बाजारात आले आहे. अशा वेळी स्वच्छ हात मिळवण्याची धडपड मी सोडून दिली. १९५९ साली रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळांसाठी तीन गोष्टी सांगितल्या : प्राण्याविना जमत असेल तर प्राणी वापरू नका, लागतच असतील तर कमीत कमी वापरा, आणि जे वापराल त्यांना होणारा त्रास कमीत कमी राहील असे करा. हे तत्त्वज्ञान म्हणून अपुरे आहे, हे मला मान्य आहे, कारण प्राणी वापरण्याचा हक्क मुळात आला कोठून याला ते हात घालत नाही. पण ज्या माणसाच्या हातात सुई आहे त्याला सकाळी काय करायचे ते त्यातून कळते.

प्रतिसाद ४

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण समाज प्राण्यांना काय स्थान देतो हे तत्त्ववेत्त्यांपेक्षा तेथे लवकर उघडे पडते.

१८२२ साली ब्रिटिश संसदेने गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. गाई, घोडे, मेंढ्या यांना त्याने संरक्षण दिले; कुत्रा त्यात नव्हता, तो १८३५ च्या कायद्यात आला. आज ज्या प्राण्याला घरातला माणूस समजतात तो त्या पहिल्या यादीतच नव्हता, हे प्रश्नकर्तीने लक्षात घ्यावे. यादीत कोण आहे हे त्या प्राण्याच्या स्वभावावरून कळत नाही, तो त्या काळी कोणाच्या नजरेसमोर होता यावरून कळते. जर्मनीच्या नागरी संहितेत १९९० साली ‘प्राणी या वस्तू नव्हेत’ असे कलम आले, आणि त्याच कलमात पुढे म्हटले आहे की वेगळी तरतूद नसेल तेथे वस्तूंचे नियम त्यांना लागू होतील. मी हे कलम अनेकदा वाचले आहे. त्यात लबाडी आहे असे मला वाटत नाही. वस्तू नाही एवढे समाजाला कळले आहे, पण मग काय आहे ते ठरवायला त्याच्याकडे अजून शब्द नाही.

तो शब्द ‘व्यक्ती’ असावा म्हणून न्यायालयांत प्रयत्न झाले. न्यूयॉर्कमधल्या प्राणिसंग्रहालयातली हॅपी नावाची हत्तीण हिला बेकायदा डांबून ठेवले आहे, असे म्हणत बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्याला न्यायालयापुढे आणून सोडवण्याचा, अर्ज केला गेला आणि न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने २०२२ साली तो ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. अर्ज फेटाळला गेला, यापेक्षा दोन न्यायाधीशांनी अर्जाच्या बाजूने सविस्तर मत लिहिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनक्षमतेचा कायदा केला आणि त्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, खेकडे आणि झिंगे यांचाही समावेश केला.

परंतु या सगळ्यात मला खटकते ते असे की एकच प्राणी, त्याचा उपयोग बदलला की कायद्याच्या दृष्टीने दुसराच होतो. अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणिकल्याण कायद्यातून प्रयोगांसाठी मुद्दाम पैदा केलेले उंदीर आणि रॅट आज वगळलेले आहेत. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरले जातात ते हेच. डुकराचेही तसेच. १९६५ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीने असे म्हटले होते की पाळलेल्या प्राण्याला निदान उभे राहता, आडवे होता, वळता, अंग चाटूनपुसून साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. गाभण डुकरिणीला ज्या अरुंद खोड्यात ठेवतात त्यात तिला वळता येत नाही, आणि अशा खोड्यांचा वापर जगात अजून अनेक ठिकाणी कायदेशीर आहे. हाच खोडा करून कोणी त्यात कुत्रीला महिनोन्‌महिने ठेवले, तर त्याच देशांपैकी कित्येक ठिकाणी त्याच्यावर खटला भरला जाईल.

संख्येचाही विचार करावा. जगात दरवर्षी ८,००० कोटींहून अधिक भूचर प्राणी अन्नासाठी मारले जातात, त्यांतल्या बहुसंख्य कोंबड्या असतात, आणि डुकरे १४० कोटींच्या आसपास. माशांची तर संख्या सरकारी आकडेवारीत नसतेच. ते टनांत मोजले जातात. जो एकेकटा मोजला जात नाही त्याचे स्थान काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचण्याची शक्यताच नसते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधले बापाचे उदाहरण मी दोन दिवस मनात घोळवले. मी आजवर असे समजत होते की माझे कुत्रीवरचे प्रेम खरे असेल तर डुकराविषयीचा प्रश्न गौण ठरतो आणि डुकराचा प्रश्न खरा असेल तर माझे प्रेम खोटे ठरते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, हे मला पटले आहे. आणि पटल्यावर हलके वाटण्याऐवजी जड वाटते आहे. प्रतिसाद २ शी मी सहमत नाही, परंतु हिशेब कोठे थांबवायचा ही त्यांची अडचण खरी आहे आणि ती माझीही आहे. माझ्यापुरता मी तो हिशेब माझ्या ताटापासून सुरू केला आहे, कारण तेथे कोणाचा जीव वाचवण्याचे कारण मला सांगता येत नाही. औषधाच्या बाबतीत सांगता येते.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. ती मान खाली घालून उभी राहते तेव्हा मला नेहमी वाटत आले आहे की तिने संमती दिली आहे. प्रतिसाद ३ मधले ‘ठीक’ वाचल्यावर आता मला तसे म्हणवत नाही. ती संमती आहे, की दीड वर्षात तिला कळून चुकले आहे की मी टोचल्याशिवाय राहणार नाही? आणि एखाद्या सकाळी ती आलीच नाही, तर त्या नकाराला काही वजन आहे काय?

प्रतिसाद ३ चे लेखक

ती संमती आहे की हार मानणे आहे, हे नुसते तिच्याकडे पाहून सांगता येणार नाही, पण तिला विचारता येईल. आम्ही काही प्राण्यांच्या बाबतीत ते केले होते. ठरावीक जागी टॉवेल पसरायचा, त्यावर हनुवटी टेकवायला शिकवायचे आणि हनुवटी टेकलेली असेपर्यंतच हात लावायचा; तिने मान उचलली की हात त्याच क्षणी मागे घ्यायचा. हे आधी सुईविना, कित्येक दिवस, नुसत्या बोटाच्या स्पर्शाने करायचे असते. मान उचलली की खरोखर थांबतात, हे तिला पुन्हा पुन्हा अनुभवाला आले पाहिजे, कारण ज्याच्या नकाराने कधी काही थांबलेच नाही त्याच्या होकाराला अर्थ नसतो. दृष्टी गेलेल्या कुत्रीला टॉवेलचा स्पर्श आणि वास पुरतो. आमच्याकडे असे शिकलेले प्राणी मान उचलत, आम्ही थांबत असू, आणि बहुतेक वेळा ते थोड्या वेळाने आपणहून पुन्हा हनुवटी टेकवत. ते का टेकवत, हे मी सांगू शकत नाही. पण वहीत मी त्यापुढे ‘ठीक’ लिहिणे सोडून दिले आणि ‘दोनदा थांबवले, तिसऱ्यांदा आला’ असे लिहू लागलो.

आणि ती आलीच नाही तर? तर इन्सुलिन द्यावेच लागेल, आजारी मुलाला देतो तसे, कारण न दिल्यास काय होईल हे तिला ठाऊक नाही आणि आपल्याला आहे. पण त्या दिवशी ती का आली नाही हे शोधावे लागेल. रोज एकाच जागी टोचल्याने तेथली कातडी दुखरी, जाडसर झालेली असू शकते. म्हणून बोटांनी मान चाचपून पाहा, जागा बदला, कुशीवर टोचून पाहा. त्या सकाळी तिने खाल्ले होते की नाही तेही पाहा. खाल्ले नसेल तर नेहमीची मात्रा टोचण्याआधी पशुवैद्यांना विचारा.